झाकणावरचं नाव, तळाचं लेबल: घाटंजीकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची लॅपटॉप खरेदी

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली ही शेतकरी उत्पादक कंपनी. सोयाबीन आणि तुरीची हमीभाव खरेदी, खत-बियाण्याचं दुकान आणि सभासदांचे हिशेब, एवढा तिचा पसारा. ऑफिसात दोन जुने लॅपटॉप होते आणि दोन्ही विंडोज १० वर चालत. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद होणार हे जाहीर झालेलं होतं. सोयाबीन त्याच महिन्यात घरात येतं. जुने लॅपटॉप सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत न बसणारे. म्हणून ऑगस्टच्या बैठकीत संचालकांनी ठराव घेतला: तीन लॅपटॉप, दीड लाखाच्या आत, दसऱ्याआधी.

ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. कोणत्या कंपनीचा घ्यायचा, यावर मात्र दोन बैठका गेल्या. एका संचालकाच्या मुलाकडे एका ब्रँडचा लॅपटॉप सहा वर्षं चालला होता, त्यामुळे त्यांना तोच हवा होता. दुसऱ्यांना चिनी नाव चालत नव्हतं. तिसऱ्यांनी ऑनलाइन सत्तावीस हजारांचा लॅपटॉप शोधून ठेवला होता. ब्रँडविषयीच्या या तिन्ही समजुतींमध्ये थोडं खरं आहे, आणि तिन्हींवर विसंबून खरेदी केली असती तर हंगामात काम अडलं असतं. शेवटी समोर आलेल्या चार प्रस्तावांना इथे अ, ब, क, ड म्हटलं आहे. नाव कळलं की वाचणारा नावाकडेच पाहतो, आणि या प्रकरणात पाहायचं आहे ते नावाखाली.

काम आधी, कोटेशन मग

लेखापालाकडे टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं काम. त्यांना डिजिटल सहीचं टोकन लागतं आणि ते जुन्या चपट्या यूएसबीचं असतं. खरेदी केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्याची केबल, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, प्रिंटर आणि माऊस, म्हणजे एका वेळी चार जोडण्या. तिसरा लॅपटॉप दुकानातल्या बिलांसाठी. नेट ऑफिसात फायबरचं, गोदामात मोबाइलचं. गोदामाला पत्र्याचं छत आहे आणि हंगामात हवेत कापसाचं तूस, सोयाबीनचा भुसा कायम तरंगत असतो.

एवढं लिहून काढल्यावर अर्धे प्रश्न आपोआप सुटले. फक्त टाइप-सी जोडण्या असलेली पातळ मॉडेलं बाद झाली. लॅनचं, म्हणजे तारेने नेट जोडायचं, पोर्ट हवंच असं ठरलं, कारण गोदामात पत्र्याखाली वायफाय धड पोचत नाही. रॅम वाढवता आली पाहिजे, हीही अट पडली. टॅली, ब्राउझरमध्ये उघडलेली दहा पोर्टलं आणि अँटिव्हायरस एकत्र चालले की ८ जीबीत लॅपटॉप रेंगाळतो.

चार प्रस्ताव

अ: यवतमाळच्या शोरूममधला, नावाजलेल्या ब्रँडचा घरगुती मालिकेतला १५.६ इंची. रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, जीएसटीसह ३८,५०० रुपये.

ब: त्याच ब्रँडचा, पण व्यावसायिक मालिकेतला १४ इंची. इंटेल आय५-१३३५यू, १६ जीबी रॅम, तेवढीच एसएसडी, लॅन पोर्ट, ५२,००० रुपये.

क: नागपूरच्या सीताबर्डीतल्या विक्रेत्याकडचा, दुसऱ्या ब्रँडचा व्यावसायिक मालिकेतला जुना लॅपटॉप, दुरुस्त करून विकायला ठेवलेला. आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी, २१,००० रुपये, विक्रेत्याची सहा महिन्यांची हमी.

ड: ऑनलाइन, फारसं कोणी न ऐकलेलं नाव, २७,००० रुपये. फोटोत चौघांत सगळ्यात देखणा.

अ आणि ब एकाच ब्रँडचे आहेत, हे ध्यानात ठेवावं. बैठकीत पहिल्यांदा सगळे म्हणाले की कंपनी तीच, मग साडेतेरा हजार जास्त कशाला मोजायचे? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर ब्रँडच्या नावात सापडत नाही.

"काऊन भाऊ, हा त चायनाचाच हाय ना?"

असं एका संचालकांनी शोरूमच्या काउंटरवर विचारलं. विक्रेता म्हणाला, "भाऊ, नाव कोणतंही घ्या, बनवणारे तेच चार-पाच हायत." तो बरोबर सांगत होता.

जगातल्या बहुतेक मोठ्या ब्रँडचे लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन या तैवानी कंत्राटी उत्पादकांकडे तयार होतात. एचपी, डेल, एसर, लेनोवो, असूस हे सगळे यांतल्या कोणाकडून ना कोणाकडून काम करून घेतात. कारखाने मुख्यतः चीनमध्ये आहेत. अलीकडे काही काम व्हिएतनाम आणि भारताकडे सरकतंय. लेनोवो हा चिनी ब्रँड, आणि आयबीएमचा पीसीचा धंदा त्याने २००५ मध्ये विकत घेतला, त्यात थिंकपॅड हे लॅपटॉपचं नावही आलं. विस्ट्रॉन हा २००१ मध्ये एसरमधून वेगळा झालेला उत्पादन विभाग, तर पेगाट्रॉन असूसमधून फुटून निघालेली कंपनी. म्हणजे 'चिनी नको' या अटीने ब्रँड गाळता येतो, माल गाळता येत नाही. भारतात श्रीपेरुंबुदूर आणि पुदुच्चेरीत जुळणी होते आणि पेटीवर 'मेड इन इंडिया' असतं. तरी त्यातला प्रोसेसर, पॅनेल आणि मेमरी चिप बहुधा आयात झालेली असते.

संचालकांना हे समजवायला बियाण्याचं पाकीट पुरलं. पाकिटावर 'उत्पादक' आणि 'विपणन' अशा दोन ओळी वेगळ्या असतात. एकच बीजोत्पादक दोन-तीन नावांसाठी काम करतो, आणि शेतकऱ्याला ते नवीन नाही.

इथून लोक एक चुकीचा निष्कर्ष काढतात: बनवणारा एकच, तर सगळे लॅपटॉप सारखेच, मग स्वस्तातला घ्या. तसं नाही. कारखाना ब्रँडने ठरवून दिलेल्या किमतीत आणि दिलेल्या तपशिलाप्रमाणे माल काढतो. हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, धातूच्या चौकटीत बसवायचं की प्लास्टिकच्या खुंट्यांत, रॅमला स्लॉट द्यायचा की चिप बोर्डावरच डकवायच्या, चार्जिंगचा जॅक बोर्डावर सोल्डर करायचा की वायरीवर सुटा ठेवायचा, हे सगळं मालिकेच्या किमतीवर ठरतं. एकाच छताखाली शेजारच्या दोन लाइनींवर अ आणि ब निघू शकतात, आणि चार वर्षांनी एकाचं हिंज शाबूत, दुसऱ्याचं उखडलेलं दिसतं.

हिंज उखडतं कसं तेही पाहू. घरगुती मालिकेत हिंजचे स्क्रू पितळी बुशांत जातात, आणि ती बुशं प्लास्टिकच्या खुंट्यांत दाबून बसवलेली असतात. धुळीने हिंज जड होतं, माणूस एका कोपऱ्याला धरून झाकण उचलतो, आणि एक दिवस बूश खुंटीसकट बाहेर येतं. मग गावात त्यावर इपॉक्सी भरतात. ते काही महिने टिकतं. खरा उपाय म्हणजे वरचं आख्खं कव्हर बदलणं, आणि ते वॉरंटीत 'ग्राहकाने केलेलं नुकसान' म्हणून नाकारलं जाण्याची शक्यता मोठी.

लॅपटॉप पालथा करून

बनवणारा कोण, हे ओळखायला विक्रेत्याचा शब्द लागत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तळाच्या लेबलवर मानक चिन्हाजवळ 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि नोंदवलेला ब्रँड दिसतो. ही नोंदणी कारखानानिहाय असते, म्हणून पत्ता कळतो. ॲडॉप्टर आणि बॅटरीवर त्यांचे स्वतंत्र क्रमांक असतात, तेही पाहावेत. डुप्लिकेट चार्जर इथेच पकडला जातो.

अ आणि ब चे क्रमांक एकाच कंत्राटी उत्पादकाकडे निघाले. ड घरी मागवून, परतीची मुदत असताना तपासला. क्रमांक खरा होता, नोंदणी चालू होती, म्हणजे माल बेकायदा नव्हता. पण ब्रँडच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून ड्रायव्हर (भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) मिळण्याची सोयच नव्हती, आणि बॅटरीवर दुसऱ्या कोणाकडे मागता येईल असा भागक्रमांक नव्हता. अशा लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांनी फुगली की मापाची बॅटरी शोधत हिंडावं लागतं. ड परत गेला.

लेबलनंतर प्रोसेसरचं नाव. अ मधला रायझन ५ ७५२०यू पाहून 'सात हजारची मालिका म्हणजे नवा' असं वाटतं. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या या क्रमांकात तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, जुनी रचना, चार कोअर. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. दुकानात दोन्हींवर 'रायझन ५' हेच स्टिकर असतं. टॅलीपुरता ७५२० चालतो, पण खोट एवढीच नाही. त्याच्यासोबत येणारी एलपीडीडीआर५ रॅम बोर्डावर डकवलेली असते. ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८ जीबीच.

हे काउंटरवरच तपासता येतं. टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जायचं, 'फॉर्म फॅक्टर' ही ओळ पाहायची. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम चिकटलेली, 'एसओडिम' असेल तर काढता येणारी. त्याच ठिकाणी किती स्लॉट वापरात आहेत तेही येतं. अ मध्ये 'रो ऑफ चिप्स' होतं. ब मध्ये 'एसओडिम', दोनपैकी एक स्लॉट रिकामा.

क ची तपासणी वेगळी आणि जास्त वेळखाऊ. जुने व्यावसायिक लॅपटॉप मोठ्या ऑफिसांतून एकगठ्ठा निघतात, त्यामुळे त्यांत कधी बायोसचा पासवर्ड राहिलेला असतो, कधी जुन्या मालकाचं दूरस्थ नियंत्रण. म्हणून विक्रेत्यासमोर बायोस उघडून पाहिला, आणि विंडोज नव्याने टाकून नेटला जोडून सुरू केलं. सुरू होताना कुठल्या कंपनीचं लॉगिन मागितलं असतं, तर तिथेच सोडून दिला असता. बॅटरीसाठी विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढला. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी येतात. पहिल्या नगाची क्षमता निम्म्याखाली होती. विक्रेत्याने दुसरा नग दिला, तो ८० टक्क्यांच्या वर निघाला. अनुक्रमांक बायोसमध्ये आणि तळाला एकच आहे हेही जुळवलं. बोर्ड बदललेला असेल तर तो जुळत नाही.

बोर्डावरून आठवलं. कंत्राटी उत्पादकाचं नाव सगळ्यात जास्त कामी येतं ते दुरुस्तीवाल्याला. बोर्डावर 'एलए-' ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो कॉम्पालचा, 'डीए०' असेल तर क्वांटाचा, 'एनएम-' असेल तर लेनोवोच्या हेफेई कारखान्याचा. यवतमाळचा किंवा नागपूरचा चिप पातळीवर काम करणारा मेकॅनिक झाकणावरचं नाव विचारतच नाही, हा क्रमांक विचारतो. त्यावरून त्याला सर्किटचा नकाशा मिळतो आणि भागांसाठी भंगारातला बोर्ड शोधता येतो. खूप विकल्या गेलेल्या व्यावसायिक मॉडेलचे बोर्ड भंगारात सहज मिळतात, कारण ते हजारोंनी बाहेर पडलेले असतात. वॉरंटी संपलेला जुना लॅपटॉप घेताना हाच त्याचा आधार.

तालुक्यापर्यंत कोण येणार?

मग ब्रँडला काही अर्थच नाही का? आहे, आणि गावात तर फार आहे. फक्त तो माल बनवण्यात नसून माल बिघडल्यावर आहे. कारखाना तुमचा फोन उचलत नाही, ब्रँड उचलतो. भाग किती वर्षं मिळतील, बायोसचे अपडेट येतील की नाही, इंजिनियर घाटंजीला येईल की लॅपटॉप नागपूरला न्यावा लागेल, हे ब्रँड आणि त्यातही मालिका ठरवते. घाटंजीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, तिथून नागपूर सुमारे दीडशे. खरेदीचा काटा चालू असताना लेखापालाने दिवसभर नागपूरला जाणं म्हणजे शंभर शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या.

कंपनीच्या सचिवांनी ग्राहक सेवेला स्वतः फोन लावून तीन गोष्टी विचारल्या: गावाच्या पिनकोडवर घरपोच सेवा आहे का, ती या मॉडेलला लागू आहे का, आणि बदलायचा भाग कुठल्या गोदामातून येतो. अ च्या बाबतीत शोरूममध्ये 'ऑनसाइट आहे' असं सांगितलं होतं. ग्राहक सेवेने पिनकोड ऐकून सांगितलं की या मॉडेलला तिथे सेवा केंद्रावर आणून द्यावं लागेल. ब ला घरपोच सेवा होती आणि मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवायला ५,५०० रुपये लागणार होते. ब्रँड तोच, पिनकोड तोच. साडेतेरा हजारांच्या फरकातला मोठा वाटा इथे होता.

हे उत्तर तोंडी घेऊन थांबू नये. तक्रार क्रमांक किंवा ईमेल मागून घ्यावा आणि ठरावाच्या फाइलला लावावा. सचिवांनी तेच केलं.

मध्येच एका विक्रेत्याने 'थांबा, २२ सप्टेंबरला जीएसटी उतरतोय' असं सांगून पाहिलं. त्या दिवशी मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ वर आला. लॅपटॉपवर आधीही १८ होता, नंतरही १८ राहिला. थांबून काही वाचणार नव्हतं.

निर्णय आणि हिशेब

ब दोन, क एक. ब लेखापालाला आणि खरेदी केंद्राला, क दुकानातल्या बिलांना. दुकान एक दिवस वहीवर चालू शकतं, काटा नाही. दोन ब चे १,०४,०००, वाढीव वॉरंटीचे ११,०००, क चे २१,०००. झाले १,३६,०००. उरलेल्यातून आर्थिंगचा नवा खड्डा ४,५००, व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर लाइन तोडणारं उपकरण २,२००, बॅकअपची बाहेरची एसएसडी ४,६००. एकूण १,४७,३००. तिन्ही अ घेतले असते तर १,१५,५०० लागले असते. त्यावर दोन संचालकांचा आक्षेप शेवटपर्यंत राहिला आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला.

आर्थिंगवर पैसा घालणं काहींना पटत नव्हतं. लॅपटॉपचं ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतं, म्हणून संध्याकाळी १६० व्होल्टवर लाइट मंद झाली तरी त्याला काही होत नाही. मारतं ते उलट दिशेने: डीपीवर न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या लाइनीवर तीनशेच्या वर व्होल्टेज येतं. आर्थिंग नसेल तर धातूच्या अंगाला झिणझिण्या येतात आणि टचपॅड वापरताना पडद्यावरचा बाण आपोआप उड्या मारतो. लोक तो लॅपटॉपचा दोष समजून ब्रँडला शिव्या घालतात.

ब टाइप-सी वरून चार्ज होतो, हाही निवडीतला एक मुद्दा होता. ६५ वॉटचा, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला चांगल्या कंपनीचा कोणताही चार्जर चालतो. गोल पिनच्या काही चार्जरमध्ये मधली बारीक पिन लॅपटॉपला ओळख सांगते. डुप्लिकेट चार्जरला ती ओळख देता आली नाही की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि वेग पडतो.

हंगामात

पहिली अडचण खरेदी सुरू होण्याआधीच आली, आणि ती लॅपटॉपची नव्हती. काट्याच्या जुन्या सिरीयल-यूएसबी केबलमधली चिप विंडोज ११ ने नाकारली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसत होता. अशा केबलींमधल्या पीएल२३०३ या चिपच्या जुन्या आवृत्त्यांबाबत हे ठरलेलं आहे. ड्रायव्हर पुन्हा-पुन्हा टाकून उपयोग नसतो. एफटीडीआय चिपची नवी केबल आणली, काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम पोर्टचा (केबलच्या जोडणीचा) क्रमांक आणि बॉड दर (माहिती पाठवण्याचा वेग) काट्याशी जुळवला, आणि वजन पडद्यावर आलं.

दुसरी अडचण कागदाची. एका ब ची वॉरंटी ब्रँडच्या संकेतस्थळावर बिलाच्या चार महिने आधीच सुरू झालेली दिसली, कारण नग विक्रेत्याकडे पडून होता. जीएसटी बिलाची प्रत पाठवल्यावर तारीख दुरुस्त झाली. खरेदीच्या आठवड्यातच हे पाहिलं म्हणून निभावलं. दोन वर्षांनी बिघाडाच्या वेळी लक्षात आलं असतं तर वाद झाला असता.

नोव्हेंबरात डीपीवरचा न्यूट्रल खरोखर सुटला. उपकरण २७० व्होल्टवर तोडायला लावलेलं होतं, त्याने लाइन तोडली. शेजारच्या दुकानातला टीव्ही आणि दोन पंखे गेले.

आता मेची तयारी बाकी आहे. उत्पादकांच्या तपशिलात चालवण्याचं कमाल तापमान बहुधा ३५ अंश लिहिलेलं असतं, आणि इथे पत्र्याखाली दुपारी त्याच्या बरंच वर जातं. ब्रँड कोणताही असो, पंख्याच्या जाळीत तूस अडकलेलं असलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून कापसाचा हंगाम आटोपल्यावर मार्चमध्ये आणि पुन्हा दिवाळीआधी तळ उघडून मऊ ब्रशने साफसफाई, पंखा बोटाने धरून ब्लोअर, आणि खरेदीचा लॅपटॉप एप्रिलपासून गोदामातून ऑफिसात, असं वेळापत्रक भिंतीवर लागलं आहे. त्याशेजारच्या तक्त्यात तिन्ही लॅपटॉपचे अनुक्रमांक, आर-क्रमांक, वॉरंटी संपण्याची तारीख, चार्जरचे वॉट आणि बॅटरीचा भागक्रमांक लिहिलेला आहे. झाकणावरच्या नावाला त्यात रकाना ठेवलेला नाही.